माईककडे तोंड करून

जगातली सगळ्यात रटाळ प्रेमकथा मी भर एप्रिलात, ब्रह्मपुरीला, भावाच्या घरी कूलरसमोर बसून पाहिली. एकदा पाहून सुटका झाली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझा भाचा प्रफुल ती थांबवून, मागे घेऊन, पुन्हा पुन्हा दाखवत होता.

पिक्चर उणापुरा दहा-अकरा मिनिटांचा, कुठल्या तरी बर्फाच्या देशातला. एक बाई स्वयंपाकघरात आलू सोलत बसली आहे. एक माणूस येतो, अंगात कोट, हातात बॅग. खुर्चीवर बसतो. ती त्याला चहा देते. तो पितो, उठतो आणि जातो. बाई दाराकडे बघत राहते. संपला पिक्चर. अख्ख्या पिक्चरात एक शब्द नाही, मग गाण्याचं तर नावच नको.

"गेला?" मी विचारलं.

"गेला," प्रफुल म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते.

"अन् हे प्रेम?"

"हेच तं प्रेम हाये, आत्या!"

प्रफुल नागपुरातून पिक्चर काढायचं शिकून आला. येताना दाढी आणली, कॅमेरा आणला, नोकरी तेवढी आणली नाही. चंद्रपूरला छोट्या पिक्चरांची स्पर्धा होती, विषय प्रेम. त्याचं म्हणणं असं, की आधी एक चांगला पिक्चर उलगडून बघायचा, शिंपी दुसऱ्याचा झंपर उसवून कटिंग शिकतो तसा, आणि मग आपला शिवायचा. त्यासाठी त्याने तिघांना बोलावलं होतं. एक चंचल, त्याच्यासोबत शिकलेली राजुऱ्याकडची पोरगी, आवाजाचं काम बघायची. दुसरी मी, आणि तिसरे देवरावभाऊ. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, असा विचार करून त्याने हिरो-हिरॉईन घरचेच धरले होते. घरचे नट फुकट येतात आणि येताना डबाही आणतात.

मी रुखमा. झाडीपट्टीच्या नाटकांत काम करते. दिवाळीला धान कापून झालं की आमच्या भागात मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, मंडप पडतात आणि होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. वीस सीझन मी हिरॉईन होते आणि वीस सीझन देवरावभाऊ माझे हिरो. यंदा मंडळाने वडशाहून नवी जोडी आणली. मला सासू केलं आणि देवरावभाऊंना पाटील. सासूच्या लुगड्यात मला जो घाम फुटला, तो कधी हिरॉईनच्या शालूत फुटला नव्हता. पण ते जाऊ द्या.

आमच्या नाटकाची एक गोष्ट मात्र समजून घ्या. मंचाच्या पुढच्या कडेला, डोक्याच्या वर, माईक लटकलेले असतात. आवाज त्यांच्यात पडला तर मागच्या बांधीत घोंगडं पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत जातो, नाही पडला तर हिरो जगला काय अन् मेला काय, कोणाला कळत नाही. म्हणून नवा नट आला की त्याला पहिली शिकवण हीच, की बोलायचं ते माईककडे तोंड करून. हिरॉईन या माईकखाली, हिरो त्या माईकखाली, मधे बैल जाईल एवढी जागा, आणि दोघांचं तोंड पब्लिककडे. भांडण असो, मरण असो, लग्न असो, पब्लिककडेच. मी देवरावभाऊंवर वीस सीझन प्रेम केलं, आणि एकदाही त्यांच्याकडे धड बघितलं नाही.

तर तो पिक्चर.

"संवादच नाई?" देवरावभाऊ खुर्चीत सरसावून बसले. "आपल्या इथी पब्लिक खुर्च्या फेकून मारन."

"काकाजी, तुम्ही बारकाईनं पाहा," प्रफुलने चित्र थांबवलं. "हा माणूस घरात आला, बसला, पण त्यानं कोट नाई काढला. याचा अर्थ काय?"

"थंडी वाजत असन."

"नाई ना! याचा अर्थ, त्याले थांबायचं नाई हाये."

"मंग आला काऊन?"

 प्रफुल दाढी खाजवायला लागला. मला मात्र राग यायला लागला होता, आणि राग आला की मला गप्प बसता येत नाही.

"आला कारण त्याले वाटलं, हे बाई आपल्याले थांबवन," मी म्हणाले. "अन् हे बाई पाहा कशी बसली हाये! बोल ना वं! तोंडात आलू कोंबला का?"

चंचल खुदकन हसली. प्रफुलने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. या खेपेला मी बाईचे हात बघत होते, कारण तिच्या चेहऱ्याने मला काही सांगायचं नाही असं ठरवलेलंच होतं. माणसाचा कप भरलेला असताना ती उठली आणि भांडं पुन्हा शेगडीवर ठेवलं.

"थांब! मागे घे," मी ओरडले. "त्याचा कप तं भरला हाये. मंग हे दुसऱ्या चहाचं आधण कोणासाठी?"

प्रफुलने मागे घेतलं. बघितलं. त्याने हा पिक्चर किती वेळा पाहिला होता देव जाणे, पण ते भांडं त्याला दिसलं नव्हतं.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "दुसरा चहा व्हयपर्यंत त्याले थांबा लागन. याले सबटेक्स्ट म्हणते."

"याले चालूपणा म्हणते. पाहुणा उठू नये म्हणून आपण बी करतो. पण उपयोग काय झाला? गेलाच ना तो!"

"त्याले दिसलंच नसन," देवरावभाऊ म्हणाले. "त्याची पाठ हाये शेगडीकडे."

"दिसते. बराबर दिसते. माणसं सोंग करते."

"नाई दिसत, रुखमाबाई. माणसाले तोंडानं सांगा लागते."

"सारंच तोंडानं सांगावं का?"

"आपल्या नाटकात तं हिरॉईन चार-चार पानं सांगते."

"ते प्रॉम्प्टर सांगते म्हणून सांगते!"

मी एवढ्या जोरात बोलले की आतून वहिनी बघायला आली. प्रफुल आणि चंचल एकमेकांकडे बघायला लागले. मी पदराने तोंड पुसलं आणि कूलरचा आवाज फार आहे, असं काहीतरी बोलले. देवरावभाऊ पडद्यावरच्या त्या बाईकडे बघत होते. ती आलू सोलत होती.

आता मला राग कशाचा आला होता ते सांगते. त्या बर्फातल्या बाईने मला एवढं चिडवण्याचं कारण नव्हतं. पण देवरावभाऊ पुढच्या आठवड्यात गाव सोडून चालले होते.

त्यांचा मुलगा प्रवीण कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात आहे. क्वार्टर मिळालं आहे, सून चांगली आहे, नातू आहे. देवरावभाऊंचे गुडघे दुखतात, बायको सीताबाई जाऊन सहा वर्षं झाली, घरी एकटेच असतात, आणि आता नाटकातही पाटील. "बाबा, तुम्ही या, तिथी काय ठेवलं हाये," असं प्रवीण होळीपासून म्हणत होता आणि शेवटी ते हो म्हणाले. बांध्या ठेक्याने दिल्या. खुर्च्या शेजाऱ्याला दिल्या. फक्त प्रफुलचा पिक्चर होईपर्यंत थांबतो, एवढं प्रवीणला सांगून ठेवलं होतं. हौसेपोटी थांबले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ते जाऊ नयेत असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. सीताबाई होती तोवर माझ्या मनात काही नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगते, ती मला बहिणीसारखी होती. माझा स्वतःचा संसार तर नाटकाच्या दुसऱ्याच सीझनला मोडला. नवऱ्याला नाटकातली बायको नको होती आणि मला नाटकाशिवायचा नवरा नको होता. त्यानंतर मी कोणाकडे बघितलं नाही. पण मला गाडी लागते. नाटकाला जाताना टेम्पोत देवरावभाऊ खिडकीजवळची जागा माझ्यासाठी धरून ठेवायचे, आणि खिशात लिंबू असायचं. बोलायचे काही नाही, नुसतं लिंबू पुढे करायचे. त्या लिंबाने माझा घात केला. चार पानांच्या संवादांनी जे झालं नाही ते लिंबाने झालं.

मग सांगून टाकायचं ना, असं तुम्ही म्हणाल. त्या बाईला एवढी शिकवत होतीस. खरं आहे. दुसऱ्याला शिकवायला माझी जीभ सदा तयार असते.

पण सांगायचं कोणत्या तोंडाने? मंचावर मी त्यांना 'नाथ' म्हणायची आणि मंचावरून उतरले की 'देवरावभाऊ'. आमच्याकडे मोठ्या माणसाला भाऊ म्हणतातच, त्यात नातं नसतं, मान असतो. तरी वीस वर्षं ज्याला भाऊ म्हटलं त्याला एक दिवस अचानक वेगळं काय म्हणायचं? आणि शब्द? प्रेमाचे जेवढे म्हणून शब्द असतात तेवढे मी वापरून टाकले होते, तेही त्यांनाच उद्देशून, हजारभर माणसांपुढे. माझ्याजवळ कोरा शब्द एक शिल्लक नव्हता.

तरी एकदा प्रयत्न केला. होळीला प्रवीणचं बोलावणं आलं त्याच सुमारास, सीझनचा शेवटचा प्रयोग आटोपून आम्ही सकाळी टेम्पोने परतत होतो. ते खिडकीशी मला जागा देऊन शेजारी बसले होते, डोळे मिटलेले. मी सगळा धीर गोळा केला. आता धीर गोळा करायचा म्हटलं की मला मंचावरचीच मराठी येते, त्याला इलाज नाही. मी म्हणाले, "तुम्ही निघून गेलात, तर माझं कसं होणार?"

देवरावभाऊंनी डोळेही उघडले नाहीत. छाती फुगवली आणि टेम्पोभर घुमेल अशा आवाजात म्हणाले, "धीर सोडू नकोस, प्रिये! वियोगाची ही काळरात्रही सरेल!"

अख्ख्या टेम्पोने टाळ्या वाजवल्या. ऑर्गनवाल्याने तोंडानेच सूर धरला. देवरावभाऊ डोळे उघडून लहान मुलासारखे हसले आणि म्हणाले, "पाठ हाये अजून, पाहा!"

मीही हसले. मग पदर तोंडाला लावला, आणि सगळ्यांना वाटलं, गाडी लागली. देवरावभाऊंनी लिंबू काढून दिलं.

तर अशी माझी गत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात हा प्रफुल मला बिनासंवादाचा पिक्चर दाखवून वर विचारत होता, की आत्या, या बाईच्या मनात काय चाललं असेल?

दोन दिवस त्यांचं ते उसवणं चाललं. मग प्रफुलने आपली गोष्ट वाचून दाखवली. एका गावातला माणूस कायमचा मुलाकडे राहायला चालला आहे. शेजारची बाई त्याच्या ओसरीवर चिंच फोडत बसली आहे. तो बॅग घेऊन बाहेर येतो, बसतो, पाणी पितो. ती त्याच्याकडे बघते. तो जातो. शब्द एकही नाही. आलूंच्या जागी चिंच आणि बर्फाच्या जागी ऊन.

"हे कुठून सुचलं तुले?" मी डोळे वटारून विचारलं.

"काकाजी खरंच चालले ना," तो भाबडेपणाने म्हणाला. "बॅगही भरून हाये त्याईची. घरही रिकामं. फुकटात सेट मिळून राह्यला, आत्या."

माझ्या भाच्याला शेगडीवरचं भांडं दिसत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे.

शूटिंग देवरावभाऊंच्या घरी, ते निघायचे त्याच दिवशी ठरलं. वैनगंगेकडच्या बाजूला त्यांचं गाव आहे, आम्ही सकाळीच काळी-पिवळी जीपने पोचलो. ओसरीवर खरोखरच काही उरलं नव्हतं. एक बाज होती, दोरीने बांधलेली वळकटी आणि बॅग. मी चिंचेची टोपली घेऊन खाली बसले. प्रफुलने कॅमेरा लावला. चंचलने लांब काठीला एक माईक बांधला होता, त्याला केसाळ टोपरं घातलेलं, आणि तो ती बाजूने, खाली, चिंचेजवळ धरून बसली. चिंच फुटल्याचा आवाज तिला हवा होता.

"माईक कुठी हाये?" मी विचारलं.

"कुठी का असंना, बाई, तुमाले बोलायचं नाई हाये," चंचल म्हणाली.

"तरी. माहीत असावं."

प्रफुल 'अॅक्शन' म्हणाला. मी चिंच फोडली. देवरावभाऊ बॅग घेऊन दारात आले. बसले. पाणी प्यायले. आता मी त्यांच्याकडे बघायचं होतं. माझं काळीज दाटून आलं, आणि ते दाटून आल्याबरोबर माझी मान आपोआप वळली, हनुवटी वर गेली, आणि मी कॅमेऱ्याकडे तोंड करून, मागच्या बांधीतल्या म्हाताऱ्यालाही दिसेल असा उसासा टाकला.

"कट! आत्या, काकाजीकडे पाहायचं होतं."

"पाह्यलं ना."

"तू माह्याकडे पाह्यलं!"

दुसऱ्या वेळी मी स्वतःला बजावून ठेवलं, तर देवरावभाऊ चुकले. बॅग उचलून निघाले ते आडवे, खेकड्यासारखे, तोंड आमच्याकडे ठेवून. ओसरीच्या खांबावर डोकं आपटलं.

"काकाजी, जाताना सरळ जा. पाठ दिसू द्या."

"पब्लिकले पाठ दाखवू?" देवरावभाऊंनी कपाळ चोळलं. "आमच्या गुरुजीनं शिकवलं हाये, पब्लिकले पाठ दाखवली तं पाप लागते."

"इथी पब्लिक कुठी हाये?"

"मंग हे काय हाये?" त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं.

पालथ्या घड्यावर पाणी. प्रफुलने डोकं धरलं. त्या बर्फातल्या बाईचं उदाहरण दिलं, आपल्या मोबाईलवर तिचा चेहरा काढून दाखवला, म्हणाला, आत्या, ती पूर्ण पिक्चरभर एकदाही आपल्याकडे बघत नाही, म्हणून आपण तिच्याकडे बघतो. हे मात्र पोरगं खरं बोललं. मला ते पटलं. मी ठरवलं, या वेळी मान मोडली तरी बेहत्तर, बघायचं तर त्यांच्याकडेच.

बघितलं. त्यांनीही बघितलं. आणि आम्ही दोघं फिसकन हसलो.

पुन्हा घेतलं, पुन्हा हसलो. कसलं हसू येत होतं सांगता येत नाही. नवरा-नवरीला हळद लावताना येतं तसलं. वीस वर्षं ज्या माणसासाठी दर नाटकात प्राण दिला त्याच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस ताठ उभा आहे, हे मला माहीत नव्हतं. डोळे घारे आहेत, हेही नव्हतं. मला वाटायचं काळे असतील.

"तुमचे डोळे घारे हाये," मी म्हणाले.

"जनमापासून," ते म्हणाले, आणि पुन्हा हसलो.

ऊन ओसरीवर चढायला लागलं. प्रफुलचा चेहरा रडवेला झाला. उजेड जातो आहे, सावली बदलते आहे, असं तो म्हणत होता. तेव्हा चंचल उठली. तिने ती काठी उचलली आणि केसाळ माईक नेऊन थेट देवरावभाऊंच्या डोक्यावर धरला.

"बाई," ती मला म्हणाली, "माईक इथी हाये."

बस, त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. वैरण दिसल्यावर म्हशीचं तोंड वळतं तसं माझं तोंड त्या माईककडे वळलं, आणि तिथेच थांबलं. माईकच्या खाली देवरावभाऊंचा चेहरा होता. हसू कुठच्या कुठे गेलं. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता. पाणी संपलं होतं आणि ते रिकामा पेला तोंडाला लावत होते, उगाच. मला ते दिसलं. दुसऱ्या चहाचं आधण ओळखणारी बाई मी, मला नाही दिसणार तर कोणाला दिसणार? हा माणूस वेळ काढत होता. होळीपासून वेळ काढत होता.

त्यांनी पेला खाली ठेवला. बॅगेचा कान धरला. कॅमेरा चालू होता, प्रफुल श्वास रोखून वाकला होता. आता त्यांनी उठायचं आणि जायचं, असं लिहिलेलं होतं.

समोर माईक होता आणि माझं तोंड माईककडे होतं. अशा वेळी मी आयुष्यात कधी गप्प राहिलेले नाही. नाथ म्हणायला गेले, ते जमेना. भाऊ म्हणायला गेले, तेही जमेना. मंचावरची मराठी त्या दिवशी माझ्या मदतीला आलीच नाही. आली ती माझ्या आईची, चुलीपाशी बोलायची, जिच्यात मी उभ्या जन्मात कोणाला प्रेमाचं काही बोलले नव्हते.

"नोका जाऊ ना जी," मी म्हणाले. "मले करमणार नाई."

देवरावभाऊंनी तोंड उघडलं. त्यांचा लौकिक असा, की वीस वर्षांत त्यांचा पुढचा संवाद कधी पडला नाही. त्यांनी उजवीकडे बघितलं, मंचाच्या त्या बाजूला प्रॉम्प्टर बसतो. तिथे त्यांची वळकटी होती. मग माझ्याकडे बघितलं. घारे डोळे बावरले होते.

"हे कोण्या नाटकातलं हाये?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण्याच नाई."

 काठी जड असेल, पण चंचलने ती खाली घेतली नाही.

"आत्या," प्रफुल कुजबुजला, "डायलॉग नाई ना हाये आपल्याले..."

"चूप बस," चंचल म्हणाली.

 पण प्रफुलचा जीव त्या स्पर्धेत अडकलेला. "बरं, ठीक हाये, मी आवाज काढून टाकतो," तो म्हणाला. "काकाजी, आता तुम्ही उठा. बॅग घ्या अन् जा."

"मी नाई जात," देवरावभाऊ म्हणाले.

"अवो, पिक्चरमधी!"

"पिक्चरमधी बी नाई जात."

"पण एंडिंग—"

"तुह्या एंडिंगले आग लाव," ते म्हणाले, आणि बॅग पायाने बाजेखाली ढकलली. स्पर्धेला पुढे काय गेलं ते तुम्ही प्रफुललाच विचारा, तो अजून माझ्याशी तुटक बोलतो.

देवरावभाऊंनी खिशातून मोबाईल काढला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून नंबर लावला. पलीकडे कारखान्याचा घरघराट ऐकू येत होता, आणि त्यात प्रवीणचा आवाज, की बाबा, निघाले का, स्टँडवर घ्याले येऊ का?

"मी येत नाई, बापू," देवरावभाऊ म्हणाले. "म्हणजे येईन, आठ दिवस राहाले येईन. पण राहीन इथीच."

"काऊन?" प्रवीण तिकडून ओरडला. "काय झालं, बाबा? काऊन नाई येत?"

देवरावभाऊंनी मोबाईल एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. पोटच्या पोराला सांगायचं होतं, तेही आम्हा सगळ्यांदेखत. कान लाल झाले होते. मला वाटलं, आता गुडघ्याचं काढतील, बांधीचं काढतील, ठेक्याचे पैसे यायचे आहेत म्हणतील. मी टोपलीत हात घालून उगाच एक चिंच उचलली आणि ती माझ्या हातातच तुटली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले, आणि मोबाईलमध्ये म्हणाले, "इथी रुखमा हाये."